शकुंतला: मालक एक, चालक दुसरा

पुसदला आज रेल्वे नाही. पण ती कधीच नव्हती, असे मात्र नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज मार्गावरच्या दारव्हा मोतीबाग स्थानकातून पुसदकडे एक फाटा निघे. तो पुढे उखडला गेला. मूळ मार्ग, म्हणजे लोकांची 'शकुंतला', त्यानंतरही कित्येक दशके तगला. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या ब्रॉडगेजपर्यंत आणि तिथून मुंबईला पोचवण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूरहून एक रूळ अचलपूरला, दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर.

शकुंतलेचे खरे नवल तिच्या रोजच्या चालीत होते. मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत राबले, मग डिझेल आले. अखेरच्या काळात छोट्या स्थानकांवर माणूसच नसे, तेव्हा गार्डच खाली उतरून तिकिटे फाडी. वाटेत फाटक आले की गाडी थांबे, गाडीतलाच कुणी उतरून ते लावी आणि गाडी पलीकडे गेली की उघडून पुन्हा चढे. याला गचाळपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण एवढ्याशा माणसांत गाडी चालू ठेवणे हे कारभाराच्या काटकसरीचे कसबच होते.

मग ती बंद का पडली? एसटी आली, प्रवासी घटले, तोटा वाढला, असे ठराविक उत्तर मिळते. त्यात तथ्य आहे. ताशी वीसएक किलोमीटरच्या गाडीत वेळेची घाई असलेला माणूस बसणार नाही. पण वेग एवढा का उतरला, हेही विचारले पाहिजे. रूळ खासगी कंपनीचे, गाडी मध्य रेल्वेची. स्वातंत्र्यानंतरही ही वाटणी तशीच राहिली. परक्याच्या रुळावर रेल्वेने मोठा खर्च का करावा? आणि ज्यावर आपली गाडी धावत नाही, त्या रुळात कंपनीने तरी पैसा का ओतावा? रूळ खचले तशी गाडी मंदावली, गाडी मंदावली तसे प्रवासी गेले. तोटा हे दुखणे नव्हते, दुखण्याचे लक्षण होते.

वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या ब्रॉडगेजवर आता पुसद येणार आहे. मालक आणि चालक इथे एकच, म्हणून जुने कोडे सुटले असे वाटेल. पण २०२४ च्या फेब्रुवारीत गाडी सुरू झाली ती वर्धा ते कळंब एवढीच. जमीन, निधी, डोंगर पोखरून काढायचे बोगदे, प्रत्येक टप्प्यावर वर्षे खर्ची पडतात. शिवाय मोठी गाडी मोठ्या गावी थांबते. शकुंतला ज्या खेड्यांच्या दारात उभी राहायची, त्यांना नव्या रुळावर थांबा मिळेलच असे नाही. म्हणून पुसदकरांनी गाडी कधी येणार एवढेच विचारून थांबू नये. ती कुठे कुठे थांबणार आणि तो थांबा टिकवण्याची जबाबदारी कुणाच्या नावावर लिहिलेली असेल, हे रूळ पडण्याआधीच विचारावे. शकुंतलेच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न शंभर वर्षांत कुणी निकाली काढला नाही, आणि त्याची किंमत गाडीने मोजली.