घरात पैसा गुंतवण्याआधी सातबारा वाचा

ईदचा सीझन संपला की आमच्या पेढीवर तरुण व्यापाऱ्यांची ये-जा वाढते. उधारी वसूल झालेली असते, सुतवाल्याचे पैसे चुकते झालेले असतात आणि हातात चार-पाच लाख शिल्लक दिसतात. मग प्रश्न ठरलेला असतो : "चाचा, एखादा फ्लॅट बुक करून टाकू का? भाडे तरी येत राहील." विचार वाईट नाही. यंत्रमागाच्या धंद्यातील तेजी-मंदी सोसलेल्या माणसाला विटा-सिमेंटचा भरवसा वाटणारच. परंतु जो तरुण ग्रे कापड घेताना एकेक ताका उलगडून उजेडात धरतो, तोच तीस लाखांचे घर दलालाच्या मोटारसायकलवर मागे बसून अर्ध्या तासात पसंत करतो. हा प्रकार आम्ही पंचवीस वर्षे पाहत आलो आहोत. एकदा स्वतः केलाही आहे.

2003 साली आम्ही शहराबाहेर एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. किंमत 3 लाख 20 हजार. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर करार झाला. बांधणारा ओळखीचा होता. त्याने घरपट्टीची पावती दाखवली, सातबारा दाखवला. आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले. मराठी बोलणे, बिले वाचणे जमत होते, पण तलाठ्याच्या मराठीची सवय नव्हती आणि कुणाला विचारायची लाज वाटली. आम्ही मान हलवली आणि पैसे मोजले. त्याच कागदावर 'भोगवटादार वर्ग 2' असे स्वच्छ लिहिलेले होते, आणि 'इतर अधिकार' या रकान्यात एक नोंदही होती. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे आम्हाला 2009 मध्ये नोटीस आल्यावर वकिलाने समजावले. वरचे दोन मजले पाडण्यात आले. ज्याने पैसे घेतले तो तोवर दुसऱ्या गावी गेला होता. नोटरीच्या कराराने मालकी मिळत नाही आणि घरपट्टीच्या पावतीने बांधकाम कायदेशीर ठरत नाही, हा धडा आम्ही सव्वातीन लाख देऊन घेतला.

आमचे तर पैसेच गेले. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाऊंडमधील बेकायदा इमारत कोसळली, तेव्हा 74 माणसे मेली. इमारतीचे काम अजून चालू होते आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायला आलेली होती. स्वस्त घर म्हणून लोक तेथे गेले होते.

आता हिशेबाकडे वळू. समजा, 30 लाखांचे तयार घर घेतले आणि महिना 8 हजार भाडे मिळाले. वर्षाचे झाले 96 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 18 हजार, घरपट्टी 6 हजार, आणि एक महिना घर रिकामे राहिले तर 8 हजार वजा करा. हातात उरले 64 हजार, म्हणजे शेकडा दोनाच्या थोडे वर. शहरात मुद्रांक शुल्क साधारण 6 ते 7 टक्के लागते. 6 टक्के धरले तर 1 लाख 80 हजार, आणि 1 टक्का नोंदणी फी 30 हजार. एकूण 2 लाख 10 हजार. म्हणजे पहिल्या सव्वातीन वर्षांचे निव्वळ भाडे सरकारी तिजोरीतच गेले, आणि वकील, दलाल, रंगरंगोटी अजून धरलेली नाही. घर पत्नीच्या किंवा मुलीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. आपल्याकडे फार थोडे लोक तिचा लाभ घेतात. बांधकाम चालू असलेले घर घेतल्यास एप्रिल 2019 पासून 5 टक्के जीएसटी, 45 लाखांपर्यंतच्या लहान घरांना 1 टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही.

बाकी सारा फायदा भाव वाढण्यावर अवलंबून, आणि भाव वाढला तरी घराचे चार ताके कापून विकता येत नाहीत. म्हणून मागाच्या भांडवलाला हात लावू नका. आमच्या ओळखीच्या एका मागवाल्याने सुताचे पैसे फ्लॅटमध्ये घातले आणि मग सूत उधारीवर, चढ्या भावाने घेतले. घराने वर्षाला साठ-पासष्ट हजार दिले, सुताने त्याच्या दुप्पट खाल्ले. पाच वर्षे ज्या पैशाची आठवण येणार नाही, तोच पैसा घरात घालावा असे आमचे स्पष्ट मत आहे. व्याज नको म्हणून कर्ज न घेणारे आपले पुष्कळ बांधव आहेत. त्यांनी तर हे दुप्पट जपावे, कारण त्यांची सारी रक्कम एकदम अडकते.

पहिले घर तयारच घ्यावे. ज्या वस्तीतील गटारी पावसाळ्यात तुंबतात की नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तेथे घ्यावे. आपल्या मोहल्ल्यात घर लवकर भाड्याने जाते हे खरे. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंब्र्यासारख्या ठिकाणी वस्ती कशी वाढली हे सर्वांनी पाहिले आहे. परंतु विकायच्या वेळी गिऱ्हाईकही त्याच मोहल्ल्यातले मिळते, हे लक्षात ठेवून भाव द्यावा. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाऊंडमधील इमारत पडली. पस्तीसहून अधिक माणसे गेली आणि इमारतमालकावर गुन्हा दाखल झाला. भाडे घेणाऱ्याच्या अंगावर जबाबदारीही येते.

कागद पाहायचे ते असे. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड नव्याने काढावे, विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. अकृषिक आदेश, बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. आपला मजला नकाशात आहे का, हे बोट ठेवून मोजावे. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक 2 वरून कोणी कोणाला विकले ते कळते. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, आणि वकील आपला असावा, बिल्डरचा नको. मराठी कागद समजत नसेल तर शाळेत शिकणाऱ्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा. आम्ही आता तेच करतो.

नवीन बांधकामासाठी रेरा कायदा 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू आहे. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त घरे असतील तर नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. "आधी निम्मे द्या, करार नंतर करू" असे कोणी म्हणाला तर चहा पिऊन उठावे. मात्र रेराचा नंबर पाहून डोळे मिटू नयेत. डोंबिवली परिसरात बनावट परवानग्यांवर रेराची नोंदणी मिळवून 65 इमारती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तेथे घर घेणाऱ्यांनी नंबर पाहिलेलाच होता. परवानगीचा क्रमांक घेऊन स्वतः महापालिकेच्या नगररचना विभागात जावे. अर्धा दिवस मोडेल, मोडू द्या.

रोखीचा मोह आपल्या बाजारात मोठा आहे. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास 1 जून 2015 पासून मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय रोख दिलेला पैसा करारात दिसत नाही. उद्या भांडण झाले तर तो दिलाच नव्हता असे ऐकावे लागते.

भाडेकरूबाबत एक गैरसमज आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे सर्रास बोलले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते, उलट पुरावा तुम्ही द्यायचा. घर खाली करून घेताना याचा अर्थ नीट कळतो.

राहिला शराकतीचा प्रश्न. दोन भाऊ किंवा दोन दोस्त मिळून घर घेतात. एक पैसे जास्त देतो, दुसऱ्याच्या नावावर करार होतो, "घरचीच गोष्ट आहे" म्हणून काही लिहीत नाहीत. मग एकाचा इंतकाल होतो आणि मुले समोरासमोर उभी राहतात. कोणाचे किती पैसे, कोणाचा किती हिस्सा हे खरेदीखतातच लिहावे, सर्वांची नावे घालावीत आणि प्रत्येकाने आपल्या बँक खात्यातून रक्कम द्यावी. जकातीचा हिशेब मांडताना नियतही स्पष्ट असलेली बरी. भाड्यासाठी घेतलेल्या घराच्या किमतीवर सर्वसाधारणपणे जकात लागत नाही, हाती उरलेले भाडे हिशेबात धरतात. विकून नफा कमावण्याच्या इराद्याने घेतले असेल तर किमतीवर लागते. आपल्या मस्जिदीच्या मौलानांना घर घेण्याच्या वेळीच विचारून वहीत तारीख घालून ठेवा. दहा वर्षांनी आपली नियत काय होती हे आपल्यालाच आठवत नाही.