प्लास्टिकच्या खेळण्यांवरील मातीकाम : ते पक्के कसे करावे?

पुणे शहरातील नारायण पेठ ही नारायणराव पेशव्यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी वस्ती होय. लोकमान्य टिळकांचा केसरी वाडा आणि मोदी गणपतीचे मंदिर याच पेठेत आहे. येथील घराघरांतील दोन मोठे सण मातीशी जोडलेले आहेत. भाद्रपदात शाडूच्या मूर्तीची प्रतिष्ठापना होते आणि दिवाळीत मुले किल्ला करतात. पूर्वी हा किल्ला वाड्याच्या अंगणात उभा राही. आता तो बहुधा इमारतीच्या आवारातील एखाद्या कोपऱ्यात उभा राहतो. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा व तामिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाल्यापासून शाळाशाळांतून या उपक्रमाकडे अधिक आस्थेने पाहिले जाते.

किल्ल्यावरील मावळे, तोफा, गवळणी व वाघ पिढ्यान्‌पिढ्या मातीचे असत. कसबा पेठेतील कुंभारवाडा त्यासाठी प्रसिद्ध आहे. आता त्यांच्या शेजारी प्लास्टिकचे शिपाई व घोडेही आले आहेत. अशा शिपायाला पागोटे बांधावे, हाती ढाल द्यावी, घोड्यावर खोगीर चढवावे असे मुलांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तयार वस्तूला स्वतःच्या हाताने नवे रूप देण्यात कल्पकता आहे आणि जुने खेळणे पुन्हा उपयोगात येण्याचा लाभही आहे. कार्यानुभवाच्या तासाला हा उपक्रम सहज घेता येतो. काही बचत गटांना तो जोडधंद्यासारखाही वाटू शकेल.

परंतु एक अडचण लवकरच पुढे येते. शाडूचे पागोटे वाळले की तडकते व गळून पडते. भाजण्याची रंगीत कृत्रिम माती आणून ती खेळण्यासकट भट्टीत ठेवली, तर पागोटे पक्के होण्यापूर्वी शिपायाचेच पाय वाकतात. असे का होते व त्यावर उपाय कोणता, हे समजावून घेणे आवश्यक आहे.

तीन प्रकारच्या माती

हाताने आकार देता येणाऱ्या पदार्थांना आपण सरसकट माती म्हणतो. तथापि ते कडक होण्याची कारणे निरनिराळी आहेत.

पहिली नैसर्गिक माती. शाडू असो वा कुंभाराची माती, तिच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी असते. पाणी उडून गेले की पापुद्रे एकमेकांजवळ येतात, माती आकसते व कडक होते. ती पुन्हा पाण्यात घातली तर विरघळते; म्हणूनच शाडूच्या मूर्तीचे विसर्जन सुलभ होते. माती कायमची पक्की व्हावयाची तर ती कित्येक शे अंश उष्णतेवर भाजावी लागते. तेव्हा तिच्या कणांत बद्ध असलेले पाणीही निघून जाते व ती पुन्हा चिखल होत नाही. एवढी उष्णता कोणतेही प्लास्टिकचे खेळणे सोसू शकत नाही. शिवाय माती आकसते आणि प्लास्टिक आकसत नाही. त्यामुळे प्लास्टिकवर लावलेली शाडू वाळताना ताणली जाते व तडकते. हा कारागिराच्या हाताचा दोष नसून पदार्थांचा गुणधर्म आहे.

दुसरी पॉलिमर माती. नाव माती असले तरी तीत माती नावापुरतीच असते किंवा मुळीच नसते. पाण्याच्या नळ्या ज्या पीव्हीसीच्या करतात, त्याच पीव्हीसीची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य व रंग यांचे ते मिश्रण होय. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझे यांची कन्या फिफी रेबिंडर यांनी बाहुल्यांची डोकी घडविण्याच्या प्रयत्नांतून असे मिश्रण विकसित केले. १९६४ मध्ये त्याचे हक्क एबरहार्ड फाबर या कंपनीकडे गेले व फिमो या नावाने ते जगभर पोहोचले. ही माती उघड्यावर वाळत नाही, कारण तीत पाणीच नसते. ती तापविली की भुकटीचे कण तेलकट द्रव्य शोषून फुगतात, एकमेकांत मिसळतात व निवल्यावर एकजीव होतात. यासाठी उत्पादकागणिक सुमारे ११० ते १३० अंश सेल्सियस उष्णता आणि जाडीनुसार पंधरा मिनिटे ते अर्धा तास लागतो.

तिसरी दोन घटकांची इपॉक्सी पुटी. गळकी नळी बुजविण्यासाठी घरोघरी वापरली जाणारी एम-सील याच वर्गातील आहे. तिच्या पुडीत दोन कांड्या असतात. एकीत राळेसारखा पदार्थ असतो व दुसरीत त्याला कडक करणारे द्रव्य असते. दोन्ही मळून एकत्र केल्यावर रासायनिक क्रिया सुरू होते व लगदा दगडासारखा घट्ट होतो. ह्या क्रियेला भट्टी लागत नाही. खोलीतील उष्णता पुरेशी असते.

खेळणे का वाकते?

प्लास्टिक हे एकाच पदार्थाचे नाव नव्हे. अनेक वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात एक अंक छापलेला असतो, त्यावरून जात ओळखता येते. २ व ४ हे अंक पॉलिएथिलीनचे, ३ पीव्हीसीचा, ५ पॉलिप्रॉपिलीनचा, ६ पॉलिस्टायरिनचा, तर ७ हा इतर सर्वांचा. जोडावयाच्या ठोकळ्यांत व मोटारींच्या प्रतिकृतींत वापरले जाणारे एबीएस या शेवटच्या गटात मोडते.

कडक पीव्हीसी सुमारे ८० अंशांना मऊ पडते. पॉलिस्टायरिन व एबीएस १०० अंशांच्या आसपास आपला आकार सोडतात. पातळ जातीचे पॉलिएथिलीन ११० अंशांजवळ वितळू लागते. त्रिमिती छपाईत वापरले जाणारे पीएलए तर ६० अंशांनाच नरम होते. याचा अर्थ असा की, पॉलिमर माती ज्या उष्णतेवर पक्की होते, तिच्या आधीच बहुतेक खेळणी ढासळतात. उष्णता कमी ठेवावी म्हटले तर माती अर्धकच्ची राहते. वरून कडक भासली तरी थोड्या दाबाने तिचा तुकडा पडतो. केस वाळविण्याच्या यंत्राच्या झोतानेही हा प्रश्न सुटत नाही.

याखेरीज आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. कच्च्या पॉलिमर मातीतील तेलकट द्रव्य पॉलिस्टायरिन व एबीएस यांत झिरपते आणि त्यांचा पृष्ठभाग चिकट करते. म्हणून अशी माती खेळण्यावर दिवसेंदिवस कच्ची ठेवणेही योग्य नाही.

योग्य मार्ग कोणते?

पहिला मार्ग म्हणजे भाग वेगळा घडवून मागाहून बसविणे. शिपायाच्या डोक्यावर पातळ ॲल्युमिनियमचा कागद घट्ट दाबून बसवावा व त्यावर पॉलिमर मातीचे पागोटे घडवावे. मग कागदासकट ते अलगद उचलून एकटेच भट्टीत भाजावे. निवल्यावर गोंदाने चिकटवावे. खेळणे भट्टीच्या वाऱ्यालाही उभे राहत नाही, त्यामुळे त्याला धोका नाही.

दुसरा मार्ग इपॉक्सी पुटीचा. ज्यांच्याकडे भट्टी नाही त्यांच्यासाठी हाच अधिक सोयीचा आहे. प्रथम खेळणे साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. माती लावावयाची जागा पॉलिश कागदाने खरबरीत करावी. दोन्ही कांड्यांचे सारखे भाग घेऊन रंगाच्या रेघा नाहीशा होईपर्यंत मळावेत. मिश्रण असमान राहिले तर काही जागी ते कधीच कडक होत नाही. थोडेथोडेच मळावे, कारण आकार देण्यास मिळणारा वेळ मर्यादित असतो. नंतर खेळणे एक दिवस हलवू नये. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांना मात्र बहुतेक कोणताही गोंद वा पुटी नीट धरीत नाही. तेथे बारीक छिद्रे पाडून त्यांत तारेचा तुकडा ओवावा व पुटीला त्याचा आधार द्यावा.

तिसरा मार्ग कागदाच्या लगद्याचा. भिजवून वाटलेला कागद व पांढरा डिंक यांचा लगदा स्वस्त आहे, हलका आहे व लहान वर्गांसाठी सर्वांत निर्धोक आहे. तो पातळ थरांत लावावा व एक थर वाळल्यावरच दुसरा द्यावा. पाणी लागू न देणे हे मात्र आवश्यक.

रंगासाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग वापरावेत. तैलरंगांतील द्रावकांमुळे भाजलेली पॉलिमर मातीही पुढे चिकट होऊ शकते.

घ्यावयाची काळजी

पॉलिमर माती ठरलेल्या मर्यादेपलीकडे, सुमारे १७५ अंशांच्या वर तापली की पीव्हीसीचे विघटन होते व डोळे आणि घसा चुरचुरविणारा हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. म्हणून भट्टीत स्वतंत्र उष्णतामापक ठेवावा, खिडक्या उघड्या असाव्यात आणि हे काम प्रौढ व्यक्तीनेच करावे. चुलीवर, निखाऱ्यावर किंवा मायक्रोवेव्ह भट्टीत ही माती कधीही भाजू नये. स्वयंपाकाची भांडी या कामासाठी घेऊ नयेत. इपॉक्सी पुटी मळताना हातमोजे घालावेत, कारण काहींच्या त्वचेला तिची बाधा होते. ती कडक झाल्यावर घासल्यास उडणारी धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती अशी जोडकामाची खेळणी देऊ नयेत. निखळलेला तुकडा घशात अडकण्याचा संभव असतो. खेळण्यांच्या तपासणीत यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात पूर्णपणे मावणारा तुकडा या वयाच्या मुलांसाठी धोकादायक समजला जातो.

विक्री करावयाची असल्यास

घरी किंवा शाळेत स्वतःसाठी केलेले काम वेगळे आणि विक्रीसाठी केलेले वेगळे. केंद्र शासनाच्या २०२० च्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशाची अंमलबजावणी १ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह आवश्यक आहे. आयएस ९८७३ या मानकाच्या निरनिराळ्या भागांत खेळण्याची मजबुती, ज्वलनशीलता, रंगांतून बाहेर येणारी शिसे आदी मूलद्रव्ये व थॅलेट वर्गातील प्लास्टिसायझर यांच्या कसोट्या दिलेल्या आहेत. विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना नंतरच्या दुरुस्तीने सूट देण्यात आली.

प्रमाणचिन्ह असलेल्या खेळण्यावर पुटी व रंग चढविला की ते तपासले गेलेले मूळ खेळणे राहत नाही, हे विशेषत्वाने लक्षात घ्यावे. यास्तव एखाद्या बचत गटाला या कामाचे प्रशिक्षण देण्याचे ठरविताना ग्रामपंचायत सदस्यांनी व विस्तार अधिकाऱ्यांनी नोंदणीचा प्रश्न आधी विचारावा. माल तयार झाल्यावर तो विचारल्यास कष्ट व भांडवल दोन्ही अडकून पडतात.

शिक्षकांना मात्र या उपक्रमात अभ्यासाची मोठी संधी आहे. शाडू, लगदा व पुटी यांचे तीन सारखे गोळे करून ते रोज मोजावेत, तिसऱ्या दिवशी पाण्यात टाकून पाहावेत व निष्कर्ष वहीत नोंदवावेत. कोणता पदार्थ आकसला, कोणता विरघळला व कोणता जसाच्या तसा राहिला, हे मुले स्वतः पाहतील. त्यानंतर किल्ल्यावरील मावळ्याचे पागोटे कशाचे करावे, हे ठरविण्याचे काम त्यांच्यावरच सोपवावे.