जुन्या आयरिश नाण्यांची पारख



माझ्या मेजाच्या खणांत आयर्लंडची एक जुनी पेनी आहे. बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्यानें ती मला भेट दिली होती. काळवंडलेली दिसली म्हणून घरांतील तांब्याच्या भांड्यांप्रमाणें मीं ती चिंचेनें घासली. ती लखलखली खरी, परंतु पुढें एका जाणकारास दाखविली, तेव्हां तो एवढेंच म्हणाला, "गुरुजी, ही आपण घासली नसती तर बरें झालें असतें." असें तो कां म्हणाला, तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम या नाण्यांची ओळख करून घेऊं. स्वतंत्र आयर्लंडचीं पहिलीं नाणीं १९२८ सालीं निघालीं. त्यांची योजना करणाऱ्या समितीचे अध्यक्ष कवि येट्स हे होते, व चित्रें पर्सी मेटकाफ या इंग्रज शिल्पकाराचीं आहेत. एका बाजूस हार्प हें तंतुवाद्य, तर दुसऱ्या बाजूस पशुपक्षी. पेनीवर पिलांसह कोंबडी, शिलिंगवर वळू, फ्लोरिनवर सामन मासा, हाफ क्राउनवर घोडा. १९७१ सालीं दशमान पद्धति आली आणि या जुन्या मालिकेचा काळ संपला.

आतां पारखीकडे वळूं. नाणें हातोहात फिरलें म्हणजे त्याचा सर्वांत उंच भाग आधीं झिजतो. म्हणून पाहणाऱ्यानें प्रथम कोंबडीच्या पंखावरील पिसें, घोड्याच्या अंगाचा फुगीर भाग आणि हार्पची कमान हीं न्याहाळावीं. नाणें कडेनें धरावें, दिव्याखालीं हळूहळू कलतें करावें व भिंगांतून पाहावें. दोन्ही बाजूंची पारख वेगळी करावी, कारण त्या सारख्याच झिजतात असें नाहीं.

या झिजेवरून प्रती ठरतात. त्यांच्या इंग्रजी नांवांनीं मात्र फसूं नये. 'गुड' म्हटलेलें नाणें प्रत्यक्षांत बरेंच झिजलेलें असतें. 'फाइन' म्हणजे झीज उघड, परंतु अक्षरें व मुख्य आकृति स्पष्ट. 'व्हेरी फाइन' नाण्यांत उंच भागांवर थोडी झीज असते; 'एक्स्ट्रीमली फाइन' नाण्यांत ती शोधावी लागते. 'अनसर्क्युलेटेड' म्हणजे व्यवहारांत न फिरलेलें नाणें. त्यावर झीज मुळींच नसते.

येथें एक अडचण येते. टांकसाळींत ठसा हलका बसला, तरीहि पिसें पुसट दिसतात. मग झीज कोणती व हलका ठसा कोणता? उत्तर पृष्ठभागाच्या तेजांत आहे. हलक्या ठशाच्या पुसट जागींहि मूळची झळाळी टिकते. झिजलेल्या जागीं ती उडालेली असते. घासलेल्या नाण्यावर ही कसोटीच चालत नाहीं, कारण घासण्यानें मूळचें तेज जातें व पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात. कांशाच्या नाण्यावर काळानें चढलेली तपकिरी कळाहि निघून जाते. जाणकार अशा नाण्याची किंमत कमी करतो तें याचसाठीं.

प्रत आणि दुर्मिळता या दोन गोष्टी मात्र भिन्न आहेत. १९४३ सालचीं फ्लोरिन व हाफ क्राउन हीं नाणीं बहुतेक वितळविण्यांत आलीं. फार थोडीं उरलीं. त्यामुळें त्यांतील झिजलेल्या नाण्यालाहि मोठें मोल येतें. त्या सालापर्यंत या दोन्ही नाण्यांत शेंकडा ७५ भाग चांदी असे. फ्लोरिनचें वजन सुमारें ११.३ ग्रॅम व हाफ क्राउनचें सुमारें १४.१ ग्रॅम भरतें. असें नाणें विकत घेतांना वजन करावें, सालाचे आंकडे भिंगाखालीं तपासावे आणि मगच विश्वास ठेवावा.

आपल्या घरीं अशीं नाणीं असलीं, तर एवढेंच करा: प्रत्येक नाणें स्वच्छ कोरड्या कागदांत वेगळें ठेवा, आणि चिंच, राख, पॉलिश यांपासून तें दूर ठेवा.

माझी पेनी मी विकणार नाहीं. तिच्यावरील कोंबडी अजून स्पष्ट आहे, पिलेंहि मोजतां येतात. परंतु तो विद्यार्थी पुन्हां भेटला, तर त्यानें दिलेलें नाणें मीं घासून ठेवलें, हें मला त्यास सांगावें लागेल.