तांब्याचा भाव आणि दवाखान्याची फी



दिवाळी झाली की आमच्या कामाच्या क्षेत्रातले कातकरी पाडे निम्मे रिकामे होतात. पावसाळ्यात घरात दाणा नसताना वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा, बायको आणि पोरे भट्टीवर जातात. पावसाच्या तोंडावर परत येतात, तेव्हाही शेठच्या वहीत काही देणे बाकीच असते. मग पुन्हा उचल. गेल्या वर्षी उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर मी हे सांगत होते, तेव्हा मंडळीतील एका वडील सभासदांनी विचारले, "बाई, एका घराचं कळलं. पण देशच्या देश गरीब राहतात, ते कसं? तिथली माणसं कष्ट करत नाहीत का?"

चहाचा कप हातात असताना देता येईल असे ते उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.

उत्तरासाठी मी एकच देश घेते, झांबिया. आफ्रिकेच्या दक्षिण भागातला हा देश चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. बहुसंख्य लोक ख्रिस्ती. रोजचे जेवण म्हणजे न्शिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी झांबिया स्वतंत्र झाला, तेव्हा त्याची गणना आफ्रिकेतील बऱ्या स्थितीच्या देशांत होत असे, कारण त्याच्याकडे तांबे होते. बाहेर माल विकून जो पैसा येई, त्यातले दर दहातले नऊ रुपये तांब्याचे असत. त्या पैशातून केनेथ कौंडा यांच्या सरकारने शाळा आणि दवाखाने उघडले.

तांब्याचा भाव मात्र झांबियात ठरत नाही. तो लंडनच्या धातुबाजारात ठरतो. १९७३ मध्ये खनिज तेल महागले आणि १९७५ च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला. खाणीतला मजूर पूर्वीइतकाच घाम गाळत होता, पण त्याच्या घामाचे मोल निम्म्यावर आले. भाव पुन्हा चढेल या आशेवर सरकारने परदेशातून कर्ज काढले. भाव काही चढला नाही. त्यातच १९८० च्या आगेमागे अमेरिकेने आपल्याकडची महागाई रोखण्यासाठी व्याजदर खूप वाढवले आणि जगभरच्या कर्जांचे व्याज महाग झाले. हीच झांबियाची उचल. माल स्वस्त, व्याज महाग आणि वही दुसऱ्याच्या हातात.

देणे थकले की देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या दारात जातो. नवे कर्ज मिळते, पण अटींवर: सरकारी खर्च कमी करा, अनुदाने काढा, नोकरभरती आवरा. सावकाराच्या बाजूने पाहिले तर यात काही चूक दिसत नाही, आणि सरकारी खाणींचा कारभार ढिसाळ होता हेही खरे आहे. पण या अटींचा भार कोणाच्या डोक्यावर पडला ते पाहा. डिसेंबर १९८६ मध्ये मक्याच्या पिठावरचे अनुदान काढले गेले. भाव दुपटीच्या पुढे गेला, खाणपट्ट्यातल्या शहरांत दंगली उसळल्या, माणसे मेली आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. १९९० च्या दशकात सरकारी दवाखान्यांत फी सुरू झाली. आकडा ऐकायला लहान होता. पण जिच्या हाती रोख पैसा वर्षातून एकदाच, पीक विकल्यावर येतो, ती आई तापाने फणफणलेले लेकरू घेऊन किती दिवस घरीच थांबते, हे आपल्या पाड्यांवर जाणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको. २००४ मध्ये तर खेड्यांतल्या शाळांना शिक्षक हवे होते आणि शिकून तयार झालेले हजारो शिक्षक घरी बसून होते. वेतनखर्चाच्या मर्यादेमुळे त्यांना नेमता येत नव्हते.

आता मंडळ्यांनी काय केले ते सांगते. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातले योबेल वर्ष आपल्याला माहीत आहे. पन्नासाव्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी, कर्जापायी विकला गेलेला माणूस मोकळा व्हावा, अशी ती व्यवस्था. याच नावाने १९९० च्या दशकात 'ज्युबिली २०००' ही मोहीम उभी राहिली. फेडता न येणारी गरीब देशांची कर्जे सोडा, एवढीच मागणी. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅम येथे श्रीमंत देशांचे नेते जमले होते. तेव्हा सुमारे ७०,००० माणसांनी हातात हात घालून शहरात साखळी केली. त्यांत मंडळ्यांचे साधे सभासद मोठ्या संख्येने होते. खुद्द झांबियात लुसाका येथील जेझुइट धर्मगुरूंच्या केंद्राने एक साधे काम चिकाटीने केले. दर महिन्याला बाजारात जाऊन कुटुंबाला लागणाऱ्या पीठ, तेल, सुक्या मासळीचे भाव लिहायचे, बेरीज करायची आणि ती पगाराशेजारी ठेवून छापायची. सरकारशी बोलताना त्यांच्या हातात ही बेरीज असे.

१९९९ च्या कोलोन परिषदेत कर्जमाफीची योजना वाढवण्यात आली. २००५ मध्ये ग्लेनईगल्स येथे ती आणखी पुढे गेली. झांबियाचे परदेशी कर्ज सुमारे सात अब्ज डॉलर होते, ते २००६ पर्यंत एक अब्जाच्याही खाली आले. आणि एप्रिल २००६ मध्ये ग्रामीण भागातील सरकारी दवाखान्यांची फी रद्द झाली. दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या वाढली. ती इतकी वाढली, की काही ठिकाणी औषधे आणि परिचारिका अपुऱ्या पडल्या. म्हणजे आजारी माणसे आधीही होतीच. ती घरी पडून होती.

गोष्ट इथेच संपवली तर ती अपुरी राहील. त्याच काळात दुसरेही घडले. १९७९ मध्ये रुमानियाने झांबियाला ट्रॅक्टरसाठी कर्ज दिले होते. व्याजासह ते सुमारे तीन कोटी डॉलरवर गेले होते. १९९९ मध्ये एका परदेशी कंपनीने तो कर्जरोखा अवघ्या ३३ लाख डॉलरला विकत घेतला आणि झांबियाकडून साडेपाच कोटी मागितले. २००७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने कंपनीला सुमारे दीड कोटी डॉलर मंजूर केले. एकाने सोडलेल्या ऋणाचा पैसा दुसऱ्याच्या खिशात जाऊ लागला. यावर ओरड झाली आणि २०१० मध्ये ब्रिटनच्या संसदेला असे दावे रोखणारा कायदा करावा लागला.

पुढचा दोष झांबियाच्या राज्यकर्त्यांचा. तांब्याचा भाव वर होता तेव्हा, २०१२ ते २०१५ या काळात, त्यांनी जागतिक बाजारात तीन वेळा रोखे विकून तीन अब्ज डॉलर उचलले. चीनकडून रस्त्यांसाठी वेगळे कर्ज काढले. भाव पुन्हा उतरला, मग महामारी आली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाने व्याजाचा हप्ता चुकवला. कर्जाची फेरमांडणी करायला तीनचार वर्षे गेली. तरीही २०२२ पासून तिथे माध्यमिक शाळेपर्यंतची फी माफ झाली. देणे डोक्यावर असतानाही आधी कोणाचे पाहायचे, हे सरकारला ठरवता येते, हे यातून दिसते.

आमच्या वडील सभासदांना माझे उत्तर असे: तिथली माणसे कष्ट करतात. पण त्यांच्या मालाचा भाव, कर्जाचे व्याज आणि सरकारी खर्चाचा क्रम या तीन गोष्टी ठरवताना त्यांना कोणी विचारत नाही.

आपल्या पाड्यांवरही हेच आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. उचलीच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणे गुन्हा आहे, आणि असे कर्ज फेडण्याचे बंधन उरत नाही, असे तो कायदा सांगतो. पाड्यावरच्या फार थोड्या लोकांना हे माहीत आहे. म्हणून आपल्या देणग्यांतून आम्ही आता दोन कामे एकत्र करतो. जूनआधी महिलांच्या बचत गटाला भात देतो. तो पिकानंतर तेवढाच परत करायचा, वाढी नाही. आणि गटाच्या बैठकीत हा कायदा सोप्या भाषेत वाचून दाखवतो. मागच्या पावसाळ्यात एका गटातील चार घरांनी उचल घेतली नाही. त्यांची मुले या वर्षी दिवाळीनंतरही शाळेत आहेत.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण दर रविवारी 'ऋण' हा शब्द उच्चारतो. पुढच्या वेळी तो तोंडी येईल तेव्हा ही चार घरे आठवा, आणि गटातील उरलेल्या अकरा घरांसाठी प्रार्थना करा. त्यांच्यासाठी भाताची जुळणी मे महिन्याच्या आत करायची आहे.