निसर्गरक्षणाचा करार शेतकरी का करतो?

पिकाऊ जमिनीचा तुकडा शेतकऱ्याने आपण होऊन मोकळा का ठेवावा? इंग्लंडचे उदाहरण पाहा. तेथे २००५ साली निसर्गरक्षणाची एक सरकारी योजना सुरू झाली. तिच्या प्राथमिक श्रेणीत करार पाच वर्षांचा असे आणि साधारणपणे हेक्टरी वर्षाला ३० पौंड मिळत. त्याबदल्यात झुडपांची कुंपणे जपावयाची, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावयाचा, किंवा चंडोल पक्ष्यासाठी गव्हाच्या शेतात लहान जागा न पेरता सोडावयाच्या.

पैसा हे कारण खरेच. पण ते एकमेव नव्हे. शेताच्या सावलीतल्या कडेला पीक मुळातच कमी येते. कराराचा मोबदला मात्र ठरलेला. शिवाय वाडवडिलांनी राखलेली कुंपणे आपल्या हातून मोडू नयेत, ही भावनाही असतेच. म्हणून रोजच्या शेतीत सहज बसणारी कामे शेतकरी आधी पत्करतो.

योजनेचे उणेपणही येथेच आहे. एरवीही झालेच असते अशा कामाला मोबदला मिळतो, आणि चंडोलाला हवी असलेली भर पिकातली जागा बहुधा राहून जाते. २०१४ मध्ये नव्या अर्जदारांसाठी ही योजना बंद झाली. तिचा धडा मात्र उरला आहे. निसर्गाला जे हवे, ते शेतकऱ्याला परवडले पाहिजे; तरच करार कागदावरून शेतात उतरेल.