संगणकापुढे बसणाऱ्यांचे डोळे

२०२० च्या टाळेबंदीत पुण्याची नोकरी घेऊन रत्नागिरीस परतलेला एक संगणक अभियंता परवा माझ्याकडे आला. डोळे चुरचुरतात म्हणून निळा प्रकाश अडवणारा महागडा चष्मा लावलेला. (त्याने डोळ्यांचा ताण बहुधा कमी होत नाही, असे २०२३ चा कॉक्रेन आढावा सांगतो.) शिवाय मनानेच आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनाभर चालू! अशाने काचबिंदू होऊ शकतो. थेंब बंद केले, डोळ्यांतला दाब मोजला. सुदैवाने ठीक निघाला.

कारण साधेच. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, त्यात पंखा तोंडावर. पडदा हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या पातळीत ठेवावी. दर २० मिनिटांनी २० सेकंद खिडकीबाहेरच्या माडाकडे पाहावे. पंधरा दिवसांनी त्याला पुन्हा बोलावले आहे.