छातीत धडधडतंय... ताण की मोठा आजार? दुकानदारांनो, हे वाचाच



ट्रेनिंगमध्ये आपण मार्जिन, स्टॉक, उधारी यावर बोलतो. पण बॅच संपली की बाजूला घेऊन काही जण वेगळंच विचारतात, "सर, रात्री छातीत धडधडतं, हाताला मुंग्या येतात. हार्टचं तर काही नसेल ना?" आज त्यावरच बोलू. मी डॉक्टर नाही, दुकानदार आहे. त्यामुळं औषध सांगणार नाही, गडबड कुठं होते ते सांगतो.

आधी आपल्या बीडचं चक्र बघा. दसरा झाला की ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडं जातात. पट्टा पडून ते मार्च-एप्रिलमध्ये परत येईपर्यंत गावाकडचं गिऱ्हाईक कमी, उधारी अडकलेली. पण होलसेलवाल्याचा चेक, बँकेचा हप्ता, २० तारखेचं जीएसटी रिटर्न थांबत नाही. तुम्ही म्हणता "निघेल मार्ग", पण शरीर ते संकट म्हणूनच धरतं.

शरीरात काय होतं?

संकट आलं की अ‍ॅड्रेनालिन वाढतं. हृदय जोरात चालतं, घाम येतो, मान-खांदे आखडतात, पोट बिघडतं. श्वास भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. म्हणजे त्रास खरा असतो, मनाचे खेळ नसतात.

हे काही आजचं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैनिकांना अशीच धडधड, धाप, छातीत दुखणं व्हायचं. डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्यावर लिहिलं. अनेकांच्या हृदयात बिघाड सापडत नव्हता, तरी त्रास होताच.

आता खरी गंमत. धडधडलं की तुम्ही घाबरता. घाबरलं की अजून अ‍ॅड्रेनालिन, अजून धडधड. मग मोबाईलवर शोधता, तिथं सगळ्यात भयंकर आजार आधी दिसतो. हे व्याजावर व्याज आहे मंडळी!

मग करायचं काय?

१. धोक्याची लक्षणं ओळखा. छातीवर दाब, वेदना हात-जबडा-पाठीकडं जाणं, दरदरून घाम, धाप, बेशुद्धी. किंवा तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं. अशा वेळी "ॲसिडिटी असेल" किंवा "टेन्शन असेल" म्हणत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. शुगरवाल्यांना आणि बायकांना लक्षणं कधी कधी अस्पष्ट असतात, तिथं जास्त सावध.

२. एकदा नीट तपासून घ्या. ताण आहे हे आपण ठरवायचं नाही, डॉक्टर ठरवतील. थायरॉईड किंवा रक्त कमी असल्यानंही धडधडतं. डॉक्टरांना त्रासासोबत धंद्याचा ताण, झोप, चहा, तंबाखू हेही खरंखरं सांगा.

३. मग सारखं तपासणं बंद. दर तासाला गल्ला मोजून विक्री वाढते का? तसंच दर तासाला बीपी मोजून मन शांत होत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच मोजा. नवं लक्षण आलं किंवा त्रास बदलला, तर मात्र परत दाखवा.

४. ताणाचा हिशोब लिहा. वहीत आठवडाभर तीन रकाने करा: त्रास कधी झाला, त्याआधी काय घडलं, चहा-तंबाखू किती. वसुलीच्या फोननंतरच धडधडत असेल, तर मूळ तिथं आहे. मग उधारीची मर्यादा ठरवा, होलसेलवाल्याशी चेकच्या तारखेआधी बोला, घरी आकडा लपवू नका.

५. झटका आला तर डॉक्टरांनी धोका नाही असं आधी सांगितलेलं असेल, आणि त्रास नेहमीचाच असेल, तर खाली बसा, श्वास सावकाश सोडा. घाबरण्याची लाट साधारण दहा मिनिटांत कळसाला जाते आणि मग ओसरायला लागते.

तपासण्या नॉर्मल आल्या तरी भीती जात नसेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत, २४ तास, मराठीत आहे. जगणं नको असा विचार मनात आला तर याच नंबरवर लगेच बोला, उद्यावर ढकलू नका.

अडकलेली उधारी पुढच्या सीझनला वसूल होईल. आज फक्त एवढंच करा: त्रास होत असेल तर डॉक्टरांची वेळ घ्या, आणि घरातल्या एकाला तरी सांगा.